आयकॉनवरचा लहान बाण

बाबा, आज दुपारी मी एका मुलीला फोन करून सांगितलं की तिने पाठवलेल्या झिपमध्ये तिचे कागद आलेलेच नाहीत. चामटोलीची मुलगी. गावाचं नाव वाचलं आणि माझा आवाज उगाच मऊ झाला, तुमचं गाव म्हणून. तिला काही पटेना. "नाय ओ मॅडम, मी सगळा टाकलाय. दाखला, मार्कशीट, रेशनकार्ड. नेटवाल्याकडे बसून केलाय मी, साइज पन दिसतेय." मी म्हटलं, साइज दिसतेय ती तुझ्या फोटोची. बाकी तीन आयकॉनच्या कोपऱ्यात लहान बाण आहे बघ, ते नुसते शॉर्टकट आहेत. मूळ फायली त्या नेटवाल्याच्या कॉम्प्युटरवरच राहिल्या. जा, त्याने स्कॅन करून जिथे ठेवल्या असतील त्या फोल्डरमधून घे आणि पुन्हा झिप कर, मी पाचपर्यंत थांबते. ती म्हणाली, "आईशप्पथ, मला वाटला झाला सगळा." शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण सिंधी आहे, मनाने फार चांगली, पण तिला हे माझं वेड कळत नाही. ती म्हणते, "अरे छोड ना यार, रिजेक्ट मार आणि पुढचा घे. किस किस को फोन करेगी तू?" मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे बसते, बाबा. आलेली प्रत्येक झिप उघडून, आतली प्रत्येक फाइल उघडून बघते. ऑफिसात मला झिपवाली मॅडम म्हणतात. मी हे का करते ते इथे कुणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांना कळलं असतं ते तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली.

तुमची आठवण मला आधी येते ती अंबरनाथच्या कंपनीच्या खाकी शर्टातली. बॉयलरवर शिफ्ट इनचार्ज. घरी आलात की शर्ट खुंटीला, घड्याळ टीव्हीवर, आणि कानामागची पेन्सिल काढून डब्यात, याच क्रमाने. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर स्वयंपाकघरातही तुम्ही बॉयलरहाउसच चालवलंत. डाळ किती वाटी, पाणी किती, शिट्ट्या किती, सगळं ओट्यावरच्या कागदावर लिहिलेलं. मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी तो कागद उलटा करून ठेवायचे आणि तुम्ही तो न बोलता पुन्हा सुलटा करायचात.

मी पाचवीत असताना तुम्ही मला एक वही करून दिली होती. धडा वाचला की समोर टिक करायची. एका रविवारी मी एका बैठकीत दहा धड्यांपुढे टिका मारल्या आणि खेळायला पळाले. संध्याकाळी तुम्ही सातव्या धड्यातला एक साधा प्रश्न विचारलात. मी वहीतल्या टिकेकडे बोट दाखवलं. तुम्ही मारलं नाहीत, तुम्ही कधीच मारलं नाहीत. समोर बसवून तुम्ही तुमच्या पाळीतल्या एका ऑपरेटरची गोष्ट सांगितलीत. त्याने दर तासाला वर चढून वाफेच्या दाबाचा काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. चढायचं जिवावर आलं म्हणून त्याने दोन तास मागच्याच ओळीवरचा आकडा खाली उतरवला. काटा चढत गेला, वाफ फुटली, माणूस कुणी गेलं नाही, पण शेजारी उभ्या असलेल्याचा एक कान कायमचा गेला. "आकडा काट्यावरून घ्यायचा," तुम्ही म्हणालात, "मागच्या ओळीवरून नाही." मी रडले. मग तुम्ही मला सातवा धडा मोठ्याने वाचायला लावलात आणि स्वतः भाकऱ्या भाजत ऐकत राहिलात. तो सगळा धडा मला अजून पाठ आहे.

कंपनी बंद झाली तेव्हा माझं लग्न होऊन मी बडोद्याला गेले होते. नदीकाठी हेंद्रेपाड्यातल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात तुम्ही एकटे. मी फोनवर विचारायचे, दिवसभर काय करता, तर म्हणायचात, "काही नाही, डोक्यातलं आवरतोय." मग एकदा म्हणालात, ते आवरलेलं लिहून काढावं म्हणतोय. चामटोलीतलं लहानपण, नोकरी लागली ते, बॉयलर, आणि तुझी आई. मीच म्हटलं, मग कॉम्प्युटर घ्या. त्या दिवाळीला मी आले तेव्हा कॉम्प्युटर आलेला होता, टेबलाखाली जमिनीवर त्याचा तो राखाडी डबा, आणि त्यावर तुम्ही घातलेलं आईच्या जुन्या साडीचं आच्छादन. मराठी टायपिंग तुम्ही दोन महिन्यांत शिकला होतात, एका बोटाने का होईना. फायली मात्र सापडायच्या नाहीत. डी ड्राइव्ह, त्यात फोल्डर, त्यात फोल्डर, तुम्ही वैतागून म्हणायचात, "ही काय लपाछपी आहे?" म्हणून मी तुम्हाला शॉर्टकट शिकवला. फाइलवर राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. आयकॉन समोर आला, कोपऱ्यात बारीकसा बाण. तुम्ही इतके खूश झालात. म्हणालात, हे बरं आहे, टेबलावर काढून ठेवल्यासारखं.

त्याच दिवाळीत, चौथ्या का पाचव्या दिवशी, मी तुम्हाला झिप शिकवली. लिहून होईल तसा एकेक भाग मला मेल करायचा असं आपलं ठरलं होतं. तेव्हाच्या मराठीची एक अडचण होती: ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला मजकुराच्या जागी नुसत्या किडामुंग्या दिसायच्या. म्हणून लिखाणासोबत फॉन्टची फाइलही पाठवायला लागायची. मी सांगितलं, नवीन फोल्डर करा, त्यात तुमचा भाग टाका, फॉन्ट टाका, मग त्या फोल्डरवर राइट क्लिक, पुन्हा तेच सेंड टू, पण या वेळी कॉम्प्रेस्ड फोल्डर. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तुम्हाला त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकून देणार होता. तुम्ही विचारलंत, आतच सोय आहे का? आहे म्हटल्यावर म्हणालात, मग घरात आहे ते वापरू. पिवळ्या फोल्डरवर चेन लागलेली दिसली तेव्हा तुम्ही हसलात. उघडायचं कसं तेही मी दाखवलं, डबल क्लिक केला की आत काय आहे ते दिसतं, आणि एक्स्ट्रॅक्ट ऑल म्हटलं की सगळं बाहेर. तुम्ही वहीत पेन्सिलीने एक ते नऊ पायऱ्या लिहून घेतल्यात, प्रत्येकीपुढे टिकेची चौकट आखलीत, आणि माझ्यासमोर एकदा करून बघितलंत. त्या एकदाच्या वेळी फाइल मी डी ड्राइव्हमधून घेऊन दिली होती. तुम्ही एकटे असताना ती कुठून घ्याल हा विचार माझ्या मनात आला नाही. दुसऱ्या दिवशी मी बडोद्याची गाडी पकडली.

पहिला भाग संक्रांतीच्या सुमारास आला. मेलमध्ये दोनच ओळी होत्या. "भाग पहिला झिप करून जोडला आहे. वाचून कळवावे." मी बडोद्यातल्या ऑफिसात बसले होते. तिथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकायची परवानगी नव्हती, घरी कॉम्प्युटर नव्हता, मुलगी दीड वर्षाची, सासूबाई आजारी. रविवारी नेट कॅफेत जाऊन वाचू असं म्हटलं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. तुमचा फोन आला, "मिळालं का?" मी म्हटलं मिळालं. "वाचलंस?" आणि बाबा, मला काय झालं कुणास ठाऊक, नाही म्हणायला जीभ रेटेना. इतक्या दिवसांत वाचलं नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. म्हटलं, वाचलं, छान आहे. फोन ठेवून मी ठरवलं की आज ना उद्या वाचायचंच, म्हणजे मग ते खोटं उरणार नाही. मग दुसरा भाग आला, मग तिसरा. मी मेलनेच उत्तर द्यायला लागले. "वाचलं बाबा, छान आहे." तेच वाक्य आधीच्या मेलमधून उचलून नव्या मेलमध्ये टाकायचे. तुमच्या त्या ऑपरेटरहून मी वेगळं काय केलं?

फॉन्टचं कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण फॉन्ट लागणार होता तो वाचायला. उघडून बघायला नुसता डबल क्लिक पुरेसा होता, मीच तुम्हाला शिकवलेला. पहिल्याच दिवशी तो केला असता तर आत काय आहे ते दिसलं असतं, आणि त्या पाच सेकंदांनी सगळं वाचवलं असतं. मेलची साइजही मला खटकली नाही, कारण फॉन्ट प्रत्येक वेळी नीट येत होता. तुम्ही तुमच्या वहीप्रमाणे काटेकोर काम करत होतात. भाग लिहून झाला की डेस्कटॉपवर काढून ठेवलेला आयकॉन कॉपी करायचा, फोल्डरमध्ये टाकायचा, शेजारी फॉन्ट, मग झिप. आणि डेस्कटॉपवर होते ते सगळे बाणवाले.

पाचव्या भागाच्या वेळी तुम्ही आधी फोन केलात. तुमचा आवाज जरा वेगळा होता. "या वेळी तुझ्या आईचं आलंय. सावकाश वाच, घाई करू नकोस." मी हो म्हटलं. मला आईचं काय आठवतं, बाबा? उंबऱ्यावर बसवून ती माझी नखं काढायची, आणि हात हलला की "स्थिर" म्हणायची. एवढंच. तो एक शब्द आणि ती पकड. तिच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नव्हतात, एकदाही नाही, आणि मी विचारलं की उठून काहीतरी करायला लागायचात. तेव्हा हा भाग मी वाचायला हवा होता. मी तो वाचणारच होते. खरं सांगू? मला त्याची भीती वाटत होती. आधीचे चार तुंबलेले होते, त्यांच्या आधी हा कसा उघडायचा, आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडू फुटलं तर, असं करत मी कानाडोळा केला. आठवड्याने तुमचा फोन आला. मी म्हटलं, "वाचलं बाबा. फार छान लिहिलंय." तुम्ही विचारलंत, "कुठलं आवडलं?" मी म्हटलं, "सगळंच." तुम्ही म्हणालात, "बरं झालं. मला वाटत होतं, जास्त लिहिलं की काय."

त्याच वर्षी उल्हास नदीचं पाणी हेंद्रेपाड्यात शिरलं. ते दिवसाढवळ्या आलं आणि हळूहळू चढलं, म्हणजे सामान हलवायला वेळ होता. हे मला नंतर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं. तुम्ही आधी शेजारच्या म्हाताऱ्या आजींना पाठुंगळी घेऊन वर पोचवलंत. मग आईचा फोटो, तांदळाचा डबा, गॅसचं सिलिंडर. चार खेपा झाल्या. काकू जिन्यात उभ्या होत्या, पाणी तुमच्या गुडघ्याला लागलं होतं. त्या मला म्हणाल्या, "मी वरडले त्यांना, अवो त्या कॉम्पूटरचा डबा तरी उचला, येवढं दिवसभर लिहीत बसता त्याच्यावर. तर म्हणाले, राहू दे, पोरीकडं गेलंय सगळं. आन माझ्या शिलाई मशिनला हात घातला बघ त्यांनी." काकूंचं मशीन वर गेलं, बाबा. ते अजून चालू आहे. तुमचा डबा तिथेच राहिला, आईच्या साडीखाली.

पाच दिवस फोन बंद होते. मी वेड्यासारखी झाले होते. सहाव्या दिवशी तुम्ही कुठल्याशा बूथवरून फोन केलात आणि आधी मीच रडून घेतलं. मग तुम्ही हसत सांगितलंत की उल्हासनगरला कॉम्प्युटर घेऊन गेला होतात. दुकानदाराने डबा उघडून आत बोट फिरवलं होतं आणि गाळ दाखवला होता. "साईं, डाटा को तो भूल ही जाओ, ये तो खेत हो गया." तुम्ही त्याच्या बोलण्याची नक्कल केलीत. "मी त्याला म्हटलं, काळजी नको, सगळं मुलीकडे आहे. तू असं कर, पाचही भाग मला परत पाठव. छापूनच ठेवतो आता." मी म्हटलं, पाठवते. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते उघडले. पहिल्या झिपमध्ये फॉन्ट होता आणि बाण असलेला एक आयकॉन. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात. मी पाचव्यातल्या आयकॉनवर कितीदा क्लिक केलं असेल. कॉम्प्युटर टॉर्च फिरवून फाइल शोधत असल्याचं चित्र दाखवायचा आणि मग सांगायचा की मिळत नाही. ती फाइल हेंद्रेपाड्यात गाळात होती. शेजारचा माणूस विचारत होता, मॅडम बरं नाही का.

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. बाबा, तुमची चूक झाली आणि माझी तुमच्याहून मोठी झाली, असं एक वाक्य पुरलं असतं. तुमची चूक अजाणतेपणी झाली होती, शिवाय शॉर्टकट मीच शिकवलेला. पण शॉर्टकट आले होते असं सांगायचं म्हणजे पाच वेळा केलेलं कौतुक खोटं होतं हेही सांगायचं. मी दोन दिवस तोंड लपवलं. तुमचा पुन्हा फोन आला तेव्हा म्हटलं, मेलबॉक्स भरला होता, जागा करताना जुन्या मेल डिलीट झाल्या, चुकून. तुम्ही विचारलंत, "पाचही?" मी म्हटलं हो. बूथवरचा मीटर पडत राहिला असणार. मग म्हणालात, "असू दे. तू वाचलंस ना? मग झालं." बाबा, तुम्ही मला त्या वेळी चार शब्द सुनावायला हवे होते.

त्यानंतर तुम्ही आणखी तीन वर्षं होतात. पुन्हा लिहा ना, असं मी दोनदा म्हटलं, तुम्ही "बघू" म्हणालात आणि बघितलं नाहीत. आणि मला तर दुसरंच कुलूप लागलं होतं. आईबद्दल आता मला काही विचारता येईना. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लिहिलं होतं की, वाचलंस ना. एका मे महिन्यात मी आले होते. भिंतींवर पुराची रेघ तशीच होती, छातीएवढी, तुम्ही तिच्यावरून रंग मारला नव्हता. स्वयंपाकघरात खाली बसून आपण भिजवलेले वाल सोलत होतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझ्या आईच्या भागातलं काही कळलं नसलं तर विचार हं. लिहिताना माझंही काही सुटलं असेल." मला वाटलं, लिहिणाऱ्या माणसाला असते तशी ही हौस, आपल्या लिहिण्याचा कुणीतरी विषय काढावा असं वाटतंय. मी म्हटलं, "नाही बाबा, सगळं नीट कळलं." तुमचा हात थांबला. पातेल्यातला एक वाल तुम्ही उचललात, सोललात, आणि म्हणालात, "बरं." मग चहा टाकायला उठलात. मी वेळ मारून नेली म्हणून सुटकेचा श्वास घेतला होता, हे सांगताना आज मला स्वतःची किळस येते.

तुम्ही गेल्यावर घर आवरताना तुमची ती वही सापडली. पुरात ती तुमच्या शर्टाच्या खिशात असणार, पानं फुगली होती पण पेन्सिल टिकली होती. झिपच्या नऊ पायऱ्या, प्रत्येकीपुढे टिका, पाच वेळा केल्याच्या पाच टिका. आणि तिसऱ्या पायरीखाली लाल पेनाने, दुसऱ्याच कुठल्या दिवशी लिहिलेलं: "चूक. आयकॉनला बाण असेल तर तो शॉर्टकट, मूळ फाइल नव्हे. स्टेशनजवळ कॅफेत आपल्या पाठवलेल्या मेल उघडून पाहिल्या. पाचही वेळा तेच गेले." त्याच्या खाली, "मुलीला कळवणे." आणि पुढे चौकट. ती रिकामी. तुमच्या वहीत दुसरी एकही चौकट रिकामी नव्हती, बाबा, मी सगळी वही पाहिली. मी डिलीट झालं म्हटल्यावर तुम्हाला सुचलं असणार की आपल्याकडून गेलेल्या मेल आपल्या खात्यातही असतील. तुम्ही चिखल तुडवत स्टेशनपर्यंत गेलात, आशेने एकेक उघडलीत, आणि तुम्हाला दोन गोष्टी एकदम कळल्या. लिहिलेलं गेलं ही एक, आणि मुलीने त्यातला एक शब्दही वाचलेला असणं शक्य नाही ही दुसरी. मला चूक कळवायची म्हणजे मला खोटी ठरवायची. म्हणून तुम्ही ती चौकट तशीच ठेवलीत. त्या वाल सोलण्याच्या दुपारी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला न दुखवता दार उघडून दिलं होतं, मी फक्त विचारायचं होतं, तुम्ही सगळं सांगितलं असतं. आणि मी म्हटलं, सगळं कळलं. मी त्या ओल धरलेल्या भिंतीला टेकून बसले आणि ओरडून रडले, काकू वरून धावत आल्या. त्यांना वाटलं बापासाठी रडतेय. त्यासाठीही रडत होतेच.

मेल मी कधीच डिलीट केल्या नव्हत्या. त्या अजून आहेत. शॉर्टकटमध्ये फाइल नसते पण फाइलचं नाव असतं, आणि तुम्ही नावं नीट दिली होतीत, इंग्रजी अक्षरांत, कारण मराठीत नाव देता येत नाही असं तुम्हाला वाटायचं. पहिला, चामटोली. दुसरा, पहिली पाळी. तिसरा, बॉयलर. चौथा, नवं घर. पाचवा, ती रागावली तेव्हा. तुमच्या पुस्तकाचं माझ्याकडे एवढंच आहे, आणि आईचे तीन शब्द. म्हणजे ती रागावायची. मला तेही माहीत नव्हतं. कशावर रागावली, कुणावर, किती दिवस, तुम्ही काय केलंत, मग ती हसली का? काकूंना विचारलं, मामांना विचारलं, कुणालाच काही सांगता येत नाही. जगात हे फक्त तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही ते मला पाच महिने खपून लिहून पाठवलं होतं.

आता आम्ही अंबरनाथला राहतो, पालेगावच्या बाजूला नव्या इमारती झाल्यात तिथे. तुमची नात मोठी झाली, नोकरी करते. ती शाळेत असताना एकदा तिने विचारलं होतं, आजी कशी होती गं? मी तिला सांगितलं की आजी तशी शांत होती, पण एकदा भयंकर रागावली. माझ्या बारशाच्या दिवशी आजोबा पाहुण्यांना सोडून बॉयलर बघायला कंपनीत गेले आणि दिवेलागणीला परत आले, तर आजीने त्यांचं ताट दाराबाहेर पायरीवर मांडून ठेवलं होतं. आजोबा मुकाट्याने पायरीवर जेवायला बसले. दोन घास झाले असतील, तर दार उघडलं आणि आजी स्वतःचं ताट घेऊन बाहेर आली, आणि एक शब्द न बोलता त्यांच्या शेजारी बसून जेवली. मुलीला ती गोष्ट इतकी आवडली. ती मैत्रिणींना सांगते, मागच्या महिन्यात तिने ती होणाऱ्या नवऱ्यालाही सांगितली, हात हलवत, पायरी किती रुंद होती तेसुद्धा दाखवत. मी सगळी बनवलेली आहे, बाबा. बारशाला तुम्ही घरी होतात की नाही हेही मला माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला जागा नाही. तुम्ही न बोलता जे माफ केलंत त्याची पुन्हा माफी मागायला मी बसलेले नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की ती गोष्ट ऐकून त्या होणाऱ्या जावयाने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर तान्ह्या असाल." मी म्हटलं, माझ्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं, मी वाचलंय.